जातीवरून तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा: एका शिक्षिकेने स्वतः चालून लिहिलेल्या पायऱ्या

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. सहलीचे पैसे जमा करायचा दिवस होता. पाचवीच्या वर्गातली एक मुलगी रडत उठली. तिचे ३०० रुपये दप्तरात नव्हते. वर्गात ३४ मुलं होती. मी एकालाही काही विचारलं नाही. सरळ तिसऱ्या रांगेत गेले आणि तिथल्या मुलाला म्हणाले, "पारध्याचं पोर आहे, दुसरं कोण घेणार? दप्तर उघड आधी."

त्याने उघडलं नाही, म्हणून मी ते स्वतः उलटं केलं. दोन वह्या पडल्या, खिचडीची ताटली पडली, पेन्सिलीचा तुकडा पडला, आणि एक लहान मुलीचं तुटलेलं पैंजण. ते बघून मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे पण चोरलेलं!" ते त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. बाजारात सोनाराकडून जोडून आणायला आजीने दिलं होतं.

दोन दिवसांनी त्या मुलीच्या आईने सांगितलं की पैसे घरीच राहिले होते. तोपर्यंत मुलगा शाळेत यायचा बंद झाला होता.

माफी मागायची हे मला लगेच कळलं. कशी मागायची हे कळायला तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत मी आणखी चुका केल्या. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. तुमचं वाक्य वेगळं असेल. ऑफिसात कुणाला "कोट्यातून आलेला" म्हणाला असाल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये "त्या लोकांना भाड्याने द्यायला नको" म्हणाला असाल, ईशान्येकडून आलेल्या मुलीला नको ते नाव ठेवलं असेल. पायऱ्या बऱ्याचशा त्याच आहेत.

हाताशी काय लागेल

एक वही आणि पेन. ते वाक्य ऐकलेलं आणि तुमची बाजू न घेणारं एक माणूस. ज्यांना लागलं त्यांच्या ओळखीचं, त्यांचा विश्वास असलेलं एक माणूस. निदान दोन महिन्यांचा वेळ, कारण हे एका दुपारचं काम नाही. पुढे त्यांनी जातीच्या दाखल्यासाठी मदत मागितली तर कागदपत्रं लागतील, त्यांची यादी सातव्या पायरीत आहे.

भेटवस्तू लागत नाही. ती घरीच ठेवा.

१. बोललात ते शब्द न बदलता लिहून काढा

हे त्याच दिवशी करा. दुसऱ्या दिवसापर्यंत आपलं मन वाक्य मऊ करायला लागतं. मी मुख्याध्यापकांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा माझं वाक्य "मी त्याचं दप्तर तपासलं" एवढंच उरलं होतं. जात त्यातून गळून गेली होती. खोटं बोलायचं माझ्या मनातही नव्हतं, तरी गळली.

म्हणून वहीत लिहा: शब्द कोणते, कोणासमोर, कुठे, किती वाजता, आणि नंतर काय केलंत. मग ते वाक्य ऐकलेल्या माणसाला दाखवा आणि विचारा, "मी असंच म्हणाले ना?" मी वर्गातल्या एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही 'दुसरं कोण घेणार' पण म्हणाला होतात." तो तुकडा मी लिहिलाच नव्हता.

२. पैसे सापडले म्हणून माफी मागू नका

सगळ्यात मोठी चूक मी इथे केली, म्हणून इथे जरा थांबते.

पैसे सापडल्यावर मी मनात माफी तयार केली. "बाळा, तू पैसे घेतले नव्हतेस हे कळलं. माझं चुकलं." ऐकायला बरी वाटते. पण नीट बघा. त्यात मी कबूल काय करते आहे? माझा अंदाज चुकला, एवढंच. म्हणजे अंदाज बरोबर निघाला असता तर माझं वाक्यही बरोबर ठरलं असतं. म्हणजे त्याने किंवा त्याच्या जातीतल्या पुढच्या मुलाने कधी खरंच पेन्सिल उचलली, तर मी पुन्हा "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणायला मोकळी.

समजा पैसे त्याच्याच दप्तरात सापडले असते. तरीही "पारध्याचं पोर आहे, दुसरं कोण घेणार" हे वाक्य तितकंच वाईट होतं. चोरी एका मुलाने केली असती, आणि मी ती अख्ख्या जमातीच्या नावावर लावली असती. कोणाच्याही पोराने पैसे उचलले की आपण "शिंप्याचं पोर, दुसरं काय करणार" म्हणतो का?

तेव्हा स्वतःला हे विचारा: समोरचा निर्दोष निघाला नसता तरी मी हीच माफी मागितली असती का? उत्तर "नाही" असेल तर माफी अजून तयार नाही.

३. वाक्य कुठून आलं ते शोधा, आणि ते काम स्वतः करा

मी लहानपणी ऐकलं होतं, "शेंगा काढायला आलेत, पारध्यांवर लक्ष ठेवा." वडील चांगले होते, शेजारी चांगले होते, आणि सगळे हे म्हणत. मला वाटायचं ही अनुभवाची गोष्ट आहे. ती निदान दीडशे वर्षं जुनी सरकारी गोष्ट निघाली.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ आणि १९२४ साली तो नव्याने आणला गेला. यादीत आलेल्या जमातींच्या माणसांची पोलिसांकडे नोंद व्हायची, हजेरी लागायची, गाव सोडायला परवानगी लागायची. त्यासाठी गुन्हा करायची गरज नव्हती, त्या घरात जन्माला येणं पुरे होतं. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलेलं होतं. तो भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. मी तिथून शेकडो वेळा रिक्षाने गेले आहे आणि नावाचा अर्थ कधी विचारला नव्हता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. त्या यादीतून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त, म्हणून ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली आला, आणि पोलिसांची नजर तिथल्या तिथे राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले, तेव्हा विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या या सवयीवरही बोट ठेवलं. फासे लावून तितर-लावे, ससे धरणं हा पारध्यांचा पिढ्यांचा धंदा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तोही गुन्हा ठरला.

हे शिकायला मला दोन रात्री लागल्या. सांगायचं ते एवढंच की हे शिकण्याचं ओझं त्या माणसावर टाकू नका. "तुम्हीच मला समजावून सांगा, तुमच्यात काय असतं" असं म्हणत जाणारे मी पाहिलेत. लागलेल्याने आपली जखम उघडून तुम्हाला धडा द्यायचा, हा दुसरा मार झाला. वाचा, विचारायचं तर त्या विषयात काम करणाऱ्यांना विचारा, आणि मग जा.

आणि हा इतिहास माफीत घालू नका. "मला लहानपणापासून असंच शिकवलं गेलं" हे खरं असलं तरी समोर बसलेल्या माणसाला ते "माझा दोष नाही" असंच ऐकू येतं.

४. माफीचं वाक्य आधी कागदावर बांधा

मी पहिल्यांदा बांधलं नव्हतं. चौथ्या दिवशी तो मुलगा वाटेत दिसला. मी गाडी थांबवली, पर्समधलं चॉकलेट त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "मनावर घेऊ नकोस हं, बाई रागात होत्या." त्याने चॉकलेट मुठीत धरलं, माझ्याकडे बघितलं नाही आणि निघून गेला. मी घरी आले ते माफी मागितल्याच्या समाधानात.

त्यात माफी कुठेच नव्हती. "मनावर घेऊ नकोस" म्हणजे चूक त्याच्या मनाची. "रागात होत्या" म्हणजे चूक रागाची. मी तर त्या वाक्यात नव्हतेच.

ही वाक्यं टाळा:

"तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर." वाटलं असेल-बिसेल नाही. वाटलंच आहे.

"माझ्या म्हणण्याचा तसा अर्थ नव्हता." तसाच होता.

"माझ्या कितीतरी मैत्रिणी त्या समाजातल्या आहेत." त्यांचा इथे संबंध नाही.

"गंमत केली." गंमत असती तर सगळे हसले असते.

"पण तू पण दप्तर उघडायला हवं होतंस." माफीत "पण" आला की माफी संपली.

चांगल्या माफीत चार गोष्टी येतात: मी काय म्हणाले, ते का चूक होतं, त्याने तुमचं काय बिघडलं, मी आता काय करणार. मी शेवटी लिहिलेली अशी होती:

"मी सगळ्यांसमोर म्हणाले की पारध्याचं पोर आहे, दुसरं कोण घेणार. मी तुझी जात बघून तुला चोर म्हटलं. तू काय केलंस किंवा नाही केलंस याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तुझं दप्तर मी सगळ्यांसमोर उलटं केलं आणि तुझ्या बहिणीच्या पैंजणावरून मुलांना बोलू दिलं. हे मी चुकीचं केलं. जिथे म्हणाले तिथेच, सगळ्या वर्गासमोर, मी हे परत घेणार आहे. तू कबूल असलास तर तुझ्यासमोर, नसलास तर तुझ्या मागे."

एक शंका इथे येते. लागणारा शब्द माफीत पुन्हा उच्चारायचा का? जातीचं नाव शिवी म्हणून वापरलं असेल तर ती शिवी पुन्हा तोंडात आणू नका, "मी तुमच्या जातीवरून शिवी दिली" एवढं पुरे. माझ्या बाबतीत वाक्य सांगणं गरजेचं होतं, कारण तेच झाकायची माझी धडपड होती.

५. कोणाला घेऊन जाता ते बघा

मला वाटलं, मोठी माणसं बरोबर असली की माफीला वजन येईल. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, पोलीस पाटील आणि मी, असे चौघं दोन गाड्यांवरून वस्तीवर गेलो. गावाबाहेर माळावर सात-आठ पालं आहेत. आम्ही पोचलो तेव्हा चुली पेटलेल्या होत्या, एका पालासमोर भाकरी तव्यावर तशीच करपत होती, आणि एकही पुरुष नव्हता. दोन म्हाताऱ्या आणि लहान मुलं. गाड्यांचा आवाज आणि पोलीस पाटलांना लांबून बघून बाकीचे ज्वारीत शिरले होते.

त्या वस्तीवर चार माणसं मिळून येतात ती एकाच कामासाठी येतात. हे मला कळायला हवं होतं.

आम्ही परत फिरलो. नंतर मी अंगणवाडीताईंना विचारलं. त्यांची त्या वस्तीत रोजची ये-जा. मी म्हटलं, "मला न्या असं म्हणत नाही. आधी तुम्ही जाऊन विचारा, बाईंना भेटायचंय, आलेलं चालेल का, आणि नको म्हणाले तर तसं सांगा." पाच दिवसांनी निरोप आला: या, पण एकट्या.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी निरोप, मग परवानगी, मग भेट. जागा आणि वेळ त्यांची. तुमच्यापेक्षा मोठ्या खुर्चीचं माणूस बरोबर नको. ऑफिसात असाल तर साहेबांच्या केबिनमध्ये बोलावून माफी मागू नका, तिथे "ठीक आहे" म्हणण्यावाचून त्यांना दुसरा पर्याय राहत नाही. भेटायला नको म्हणाले तर चिठ्ठी पाठवू का विचारा, आणि तीही नको असेल तर थांबा.

आजीने कोरा चहा केला. वस्तीवर चहा-पाणी पुढे आलं तर घ्या. "आत्ताच झाला" हे आपल्याकडचं साधं वाक्य तिथे साधं राहत नाही, कारण तो नकार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय.

मी कागदावरचं वाचून दाखवलं. मुलगा पालाच्या आत होता, ऐकत होता. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, पोलीस आले की आम्ही आधी ह्याची शाळेची वही दाखवायचो. आमचं पोर शाळेत जातं, म्हणायचो. आता काय दाखवू?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही अशा वेळी उत्तर देऊ नका. समजूत घालू नका, रडू नका. तुम्ही रडलात की त्यांना तुमचे डोळे पुसायला लागतात.

६. जिथे बोललात तिथेच परत घ्या

खासगीत मागितलेली माफी अर्धी असते, जर बोलणं चारचौघांत झालं असेल. त्या ३४ मुलांनी माझ्याकडून एक धडा घेतला होता. पैंजण पडलं तेव्हा "हे पण चोरलेलं" म्हणणारा मुलगा मीच पाच सेकंदांपूर्वी तयार केला होता.

पण आधी त्याची परवानगी. काहींना सगळ्यांसमोर पुन्हा विषय निघणं नको असतं, आणि तेही बरोबर आहे. मी आजीमार्फत विचारलं. मुलगा म्हणाला, "बाईंनी सांगावं, पण मी तिथे नसणार."

सोमवारी परिपाठाला, राष्ट्रगीत-प्रतिज्ञा झाल्यावर, मी सगळ्या शाळेसमोर ते वाक्य सांगितलं आणि ते चूक का होतं ते सांगितलं. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" हे आपण रोज म्हणतो आणि मी त्या दिवशी काय केलं, हेही सांगितलं. दोन-तीन मिनिटं लागली. मग वर्गात जाऊन पैंजणाचं सांगितलं. मुलांनी प्रश्न विचारले. एकाने विचारलं, "बाई, मग आमच्या घरी म्हणतात ते खोटं?" मी हो म्हणाले.

ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं असेल तर त्याच ग्रुपवर लिहा. मेसेज गुपचूप पुसून टाकू नका. मी हे लिहिलं होतं, चूक होतं, म्हणून काढते आहे, असं लिहून मग काढा. मीटिंगमध्ये बोलला असाल तर पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात येऊ द्या.

कायद्याची बाजू, थोडक्यात पण नीट

पारधी, फासे पारधी या जमाती महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणं किंवा जातीवाचक शिवी देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस). शिक्षा ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम १८ मुळे सर्वसाधारणपणे अटकपूर्व जामीन मिळत नाही. शाळेपुरतं बोलायचं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलाला मारण्याइतकंच मानसिक त्रास देण्यालाही मनाई करतं.

मी मुख्याध्यापकांना घडलेलं लेखी दिलं. दोघातिघांनी सांगितलं, लेखी देऊ नकोस, अंगाशी येईल. त्यांचा सल्ला वकिली दृष्टीने बरोबर असेल. तुम्हाला वकिलाला विचारायचं तर जरूर विचारा. माझं मत असं की ज्या मुलाचं दप्तर मी सगळ्यांसमोर उलटं केलं, त्याच्यापासून माझा कागद लपवायचा अधिकार मला नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. माफीच्या बदल्यात "तक्रार करू नका", "केस मागे घ्या" असं सुचवू नका, सरपंचांकरवी तर नाहीच. २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५-ए पीडितांना आणि साक्षीदारांना धाक, दबाव आणि प्रलोभन यांपासून संरक्षण देतं, आणि तुमच्या मिठाईचा पुडा प्रलोभनात मोजला जाऊ शकतो. भेटीत मी स्वतःच सांगितलं, "तुम्हाला तक्रार करायची तर करा, मी जे झालं तेच सांगेन." त्यांनी केली नाही. केली असती तरी वरची एकही पायरी बदलली नसती.

७. जे बिघडलं ते भरा, तुम्हाला सोयीचं ते नको

पहिली ओढ काहीतरी द्यायची असते. नवं दप्तर, गणवेश, सहलीचे पैसे. मी थांबले, कारण दप्तर माझ्यामुळे फाटलं नव्हतं. माझ्यामुळे दोन गोष्टी बिघडल्या होत्या: त्याची शाळा सुटली होती, आणि वर्गाने त्याला चोर ठरवलं होतं.

एका सहकाऱ्याने सुचवलं, "त्यालाच पैसे गोळा करायचं काम दे, म्हणजे सगळ्यांना कळेल तुझा विश्वास आहे." मनापासूनची सूचना होती, पण मी नको म्हटलं. एक रुपया कमी पडला तर त्याचं काय होईल? आणि माझा विश्वास दाखवायला त्याला उभं का करायचं?

शाळेचं असं केलं. तो १६ दिवस आला नव्हता. त्याचं नाव पटावरून कमी होऊ दिलं नाही. तो येईल त्या दिवशी "इतके दिवस कुठे होतास" असं कोणी विचारायचं नाही, हे सगळ्या शिक्षकांत ठरवलं. राहिलेला अभ्यास वर्गात वेगळं न बसवता घ्यायचा. त्याची घरची बोली मराठी नाही, ती गुजराती-राजस्थानीच्या जवळची आहे. तो उत्तर द्यायला वेळ का लावतो हे मला त्या निमित्ताने पहिल्यांदा कळलं. दप्तरं तपासायची पद्धत आम्ही बंद केली. काही हरवलं तर आधी घरी विचारायचं, मग सगळ्या वर्गाला एकत्र.

चौथ्या-पाचव्या भेटीत आजीने स्वतः विचारलं, "बाई, पोरांचा जातीचा दाखला निघंल का?" वस्तीत फार थोड्यांकडे तो होता. हे माझ्या वाक्याची भरपाई म्हणून मोजायचं नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण मागितलं, आणि मला कागद कळतात, म्हणून मी गेले. तुमच्यावर अशी वेळ आली तर साधारण हे लागतं:

मुलाचा बोनाफाईड किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा.

वडील, आजोबा, चुलते यांपैकी कोणाचाही शाळा सोडल्याचा दाखला, जात लिहिलेला.

जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात.

रक्ताच्या नात्यातल्या कोणाचा दाखला आधी निघाला असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ.

रहिवासाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र.

अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा किंवा त्या काळातल्या वास्तव्याचा धागा मागतात. अनुसूचित जातीसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. अर्ज सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून जातो, दाखला प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, देतात. ज्यांच्या आजोबांना गावात घर बांधू दिलं नाही त्यांच्याकडे १९५० चा कागद कुठून येणार, हे उघड आहे. म्हणून कागद नसतील तर स्थानिक चौकशी करावी अशी मागणी अर्जासोबत लेखी जोडा आणि पोच घ्या. आमचा एक अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा आजीच्या भावाचा चौथीचा दाखला शेजारच्या तालुक्यात सापडला, तेव्हा पुढे सरकला.

शाळेत घ्यायला मात्र यातलं काही लागत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ तसं सांगतं. कोणी अडवत असेल तर हे कलम दाखवा.

यातल्या कशाचेही फोटो काढून कुठे टाकू नका.

८. शिक्षकांच्या खोलीत पुन्हा ते वाक्य येईल

आलंच. दोन महिन्यांनी एक सर म्हणाले, "तुझे पारधी लाभार्थी कसे आहेत?" सगळे हसले. मी म्हटलं, "सर, असं नका म्हणू. मी एकदा म्हणाले होते, त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे." एवढंच. भाषण दिलं नाही. खोली गप्प झाली, नंतर डबे उघडले. अवघड वाटतं, पण परिपाठात जे बोललो ते खरं होतं का, हे मुलांआधी सहकाऱ्यांना कळतं.

९. माफ केलं का, असं विचारू नका

कधीही नाही. महिन्याने नाही, वर्षाने नाही, आडून तर नाहीच. "आता आपलं सगळं ठीक आहे ना?" हाही तोच प्रश्न. माफी मागणं तुमच्या हातात, देणं त्यांच्या. काही लोक देत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. तुमच्याशी पुन्हा बोलले नाहीत तर तो त्यांचा निर्णय म्हणून राहू द्या, आणि ठरवलेली कामं चालू ठेवा.

तो सतराव्या दिवशी परत आला. कोणी काही विचारलं नाही. तिसऱ्या रांगेत त्याच्या जागेवर बसला. बाकीची मुलं दप्तर बाकाखाली सरकवतात. त्याने दप्तर मांडीवर घेतलं आणि त्याचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन धरला. एका हाताने लिहायला त्रास होतो, वही सरकते, म्हणून मी त्याच्या बाकावर वहीवर ठेवायला एक लाकडी पट्टी ठेवली. ती तो वापरतो. दप्तर अजून मांडीवरच असतं.